तेराव्यानंतर

परंडा तालुक्यातलं सोनारी बाहेरच्यांना माहीत असतं ते काळभैरवनाथामुळे, चैत्रातल्या यात्रेमुळे आणि देवळाभोवतीच्या माकडांमुळे. पण गावात साखर कारखाना आहे, आसपास कोरडवाहू जमिनी आहेत, आणि याच तालुक्यातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या उचल घेऊन बाहेर पडतात. अशा भागात काम करणाऱ्या संस्थांच्या पगारपत्रकावर पाणलोटाचा माणूस असतो, बचत गटाची ताई असते, हिशेबनीस असतो. मला बोलायचं आहे ते तिथे सहसा नसलेल्या एका पदाबद्दल. ख्रिस्ती संस्था त्याला चॅप्लिन म्हणतात. मिरजेच्या वॉनलेससारख्या मिशनच्या दवाखान्यांची परंपरा त्याला पाळक म्हणून ओळखते. लष्करातही पंडित, मौलवी, ग्रंथी, पाद्री हे धर्मशिक्षक रीतसर नेमलेले असतात. कुणाच्या दुःखाजवळ बसणं हेही नेमून द्यायचं काम आहे, हे तिथे कधीच मान्य झालं आहे. आमच्यासारख्या सेवाभावी संस्थांनीही ते मान्य करावं, आणि त्या माणसाच्या हाती दुसरं कुठलंही काम देऊ नये, असं माझं म्हणणं आहे.

यातला दुसरा भाग पहिल्याहून महत्त्वाचा आहे. शेतकऱ्याने आत्महत्या केली की घरात आधी पोलीस येतात, मग तलाठी. पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, सातबारा, बँकेची थकबाकी आणि वसुलीची नोटीस असा कागदांचा गठ्ठा तयार होतो. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती तो पाहून प्रकरण पात्र की अपात्र ते ठरवते. पात्र ठरलं तर 2006च्या शासन निर्णयाप्रमाणे एक लाखाची मदत मिळते, 30 हजार हातात आणि 70 हजार ठेवीत. सार्वजनिक पैसा वाटताना चौकशी व्हायलाच हवी. पण त्या घरातल्या बाईच्या बाजूने पाहा. जो येतो तो विचारतो: कर्ज किती होतं, कुणाचं होतं, दारू होती का, भांडण झालं होतं का. पाहुणे तेराव्याला जेवून जातात आणि प्रश्न मात्र येत राहतात. अपात्र हा शेरा आला की तिला तो अर्जाबद्दलचा वाटत नाही. नवऱ्याचं मरणच खोटं ठरवल्यासारखं वाटतं. संस्थेचा कार्यकर्ता याच वेळी तिच्या मदतीला येतो, पण तोही फाईल घेऊनच. कर्ज बँकेचं नव्हतं, नात्यातल्या माणसाकडून हातउसने घेतलेले पैसे होते, हे त्याला सांगावं की नाही, याचा हिशेब तिला मनातल्या मनात करावा लागतो. जो प्रकरण मंजूर करून आणणार आहे त्याच्यापाशी मोकळेपणाने रडता येत नाही. म्हणून ऐकणारा माणूस वेगळा हवा, आणि तिने त्याला सांगितलेलं संस्थेच्याही कपाटात जाता कामा नये.

समुपदेशक कशाला आहेत मग, असा आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. 2015मध्ये शासनाने बळीराजा चेतना अभियान यवतमाळ आणि तेव्हाच्या उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत सुरू केलं. प्रेरणा प्रकल्पातून आशाताई घरोघर जाऊ लागल्या. 2022पासून टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक आहे. हे सगळं हवंच आहे. झोप उडाली, जेवण तुटलं, जगून काय करू असं कुणी बोलू लागलं, तर आमच्या माणसाने त्याच दिवशी त्यांना डॉक्टरकडे न्यायचं बघावं, आपल्या बसण्यावर विसंबू नये. पण दुःख हा आजार नाही. शिवाय या घरांमधले काही प्रश्न दवाखान्याच्या कागदावर बसत नाहीत. भैरवनाथ हे कितीतरी घराण्यांचं कुलदैवत. यात्रेला जायचं राहिलं, नवस फेडायचा राहिला, म्हणून हे झालं का? हा प्रश्न अंधश्रद्धा म्हणून उडवून लावला तर बाई पुन्हा तो विचारत नाही, एवढंच होतं. त्यामागे बहुतेक वेळा दुसराच प्रश्न असतो: मला काही करता आलं असतं का? तिथवर पोचायला देवाच्या प्रश्नापाशी थोडं थांबावं लागतं. थांबणाऱ्याला नवस, कोप, वार, पाळणूक हे सगळं घरच्यासारखं ठाऊक हवं. त्यावर निकाल देण्याचं काम मात्र त्याचं नाही.

इथेच दुसरा आक्षेप उभा राहतो: संस्थेत धर्म घुसवू नका. भीती खरी आहे. एकीकडे धर्मांतराचा संशय, दुसरीकडे बुवाबाजी. 2013चा जादूटोणाविरोधी कायदा उगाच झालेला नाही. म्हणून नियम कडक हवेत. आपण होऊन पूजा सुचवायची नाही, पोथी द्यायची नाही, गंडादोरा तर नाहीच. घरात हरिपाठ सुरू असेल तर बसावं, दुआ सुरू असेल तरी बसावं. प्रारब्ध, नशीब असले शब्द तोंडातून काढू नयेत, कारण ते ऐकवायला गावात माणसं कमी नाहीत. आणि उतारा करून देतो म्हणून कुणी त्या घराकडून पैसे काढत असेल, तर मात्र गप्प बसायचं नाही. गावात कीर्तनकार आहेत, भजनी मंडळ आहे, त्यांनीच करावं, असंही म्हणतात. कीर्तनकार मांडवाशी बोलतो, आणि ते त्याचं सामर्थ्य आहे. मांडव उतरल्यावर, सोयाबीनच्या पेरणीच्या तोंडावर बियाण्याची पिशवी कोण आणणार या विचाराने सुन्न झालेल्या घरी यायचं, हे त्याच्याकडून मागणं अन्यायाचं आहे.

देणगीदारांना आकडे लागतात. किती घरी गेलो, किती वेळा, किती जणांना डॉक्टरकडे नेलं, एवढं खुशाल द्यावं. बोलणं काय झालं ते देऊ नये. त्यावरून निधी अडला तर अडू द्यावा. शिवणयंत्राचा फोटो काढता येतो, याचा काढता येत नाही, आणि काढता येऊही नये.

नेमणूक करताना मी पदवी शेवटी बघेन. आमच्या गावांमध्ये एकटा पुरुष विधवेच्या घरी वारंवार गेला तर त्याचा भुर्दंड तिलाच पडतो, तेव्हा या कामाला बाईच हवी, शक्यतो चाळिशी ओलांडलेली. तिला भजन येतं की नाही यापेक्षा ऐकलेलं पाणवठ्यावर न सांगण्याची सवय आहे का, हे आधी बघावं. ते तिच्या गावात विचारलं की कळतं. तिची गावं आठ-दहाच्या वर नसावीत. टोळी परतण्याच्या सुमारास, मार्च-एप्रिलमध्ये, तिला दुसऱ्या कुठल्याही प्रशिक्षणाला पाठवू नये, कारण उचल न फिटलेली माणसं तेव्हाच घरी येतात.