टिक् टिक्

टर्बो गेला, असं मीच सांगितलं होतं.

बोनेटवर हात ठेवून, डोळ्याला डोळा भिडवून सांगितलं. टर्बो गेलाय मामा, बदलावा लागेल. खोटं बोलत नव्हतो. तपासलं नव्हतं, एवढंच. पण दोस्तहो, समोरच्याच्या खिशाला दोन्ही सारखंच पडतं.

2009 सालची गोष्ट. वाईत एका गॅरेजात मी कामाला. आयटीआयचं डिझेल मेकॅनिकचं सर्टिफिकेट घरी ट्रंकेत, हातात पाना. मामा वडाप चालवायचा. वाई-पाचगणी. गाडी टर्बो डिझेल. सिटा सात, माणसं बारा, वर दोघं मागं लोंबकळत. पसरणी घाट म्हणजे त्याच्या भाकरीचा रस्ता. एक दिवस आला नि म्हणाला,

'मिस्तरी, गाडी ओढंना झालीया. दुसऱ्यावर चढायची ती पहिल्यावर बी रडतीया. मागनं निस्ता काळा धूर.'

मी पाच मिनिटं रेस केली. धूर बघितला. आणि निकाल दिला.

नवा टर्बो 18,000 ला आला. मामानं दोन शेरडं विकली. कमी पडले तिथं मामीच्या कानातलं गेलं. मी टर्बो बसवला, मजुरी घेतली, हात धुतले. चौथ्या दिवशी मामा परत दारात. शिवी दिली नाही. बिडी पेटवली आणि म्हणाला,

'मिस्तरी, टर्बो नवा हाय न्हवं? मग गाडी जुन्यावानीच का रडतीया?'

शिवी परवडली असती.

गाडी रात्रभर गॅरेजात ठेवून घेतली. पहाटे साडेपाचला इंजिन थंडगार होतं तेव्हा सेल्फ मारला. टिक् टिक् टिक् टिक्. हा आवाज मी महिनाभर ऐकत होतो. सगळं गॅरेज ऐकत होतं. सगळे म्हणत, टापेट वाजतंय. टापेट दोनदा सेट करूनही झालं होतं. आवाज होता तिथंच होता. गाडी गरम झाली की कमी व्हायचा, मग कोण कशाला बघतंय?

त्या पहाटे मी रबरी पाईपचा हातभर तुकडा घेतला. एक टोक कानाला, दुसरं इंजिनाभोवती फिरवत नेलं. टापेट कव्हरवर आवाज लांबचा. खाली मॅनिफोल्डकडं नेला, तर चौथ्या सिलिंडरपाशी कानात फुस्स फुस्स वाफ मारल्यासारखं झालं. इंजिन बंद केलं. बॅटरी आणि दाढीचा आरसा घेऊन वाकून बघितलं. हेडवर काळ्या काजळीची जीभ. शेवटचा स्टड मुळातून तुटलेला. पॅकिंग जळालेलं. आणि मॅनिफोल्डच्या बिडात केसाएवढी चीर.

जुना टर्बो भंगारच्या पोत्यात पडला होता. काढून पुसला. पाती शाबूत. शाफ्ट बोटानं मोकळा फिरतोय. आत-बाहेर ढकलला तर हलत नाही. नळीत तेल नाही. धडधाकट होता तो. मी त्याला मेलेला ठरवला होता.

टर्बो म्हणजे काय, तर धुरावर चालणारी पाणचक्की. सिलिंडरमधनं जोरात निघालेला जळका वायू मॅनिफोल्डच्या पाटातून येतो आणि चाक फिरवतो. त्याच दांड्यावर दुसरं चाक असतं, ते इंजिनात हवा कोंबतं. अल्फ्रेड बुची नावाच्या स्विस इंजिनिअरनं 1905 साली याचं पेटंट घेतलं. ते चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं. पण पाटच फुटला तर चक्की काय फिरणार? हवा कमी, डिझेल तेवढंच, म्हणून काळा धूर. मी पाट बघितलाच नाही. चक्कीच बदलली.

आता ऐका, तपासायचं कसं.

आधी सोपं आणि फुकटचं. टर्बोपासून इंजिनाकडं जाणारे हवेचे रबरी होज बघा. क्लिप ढिली असली, होज फाटला असला तरी गाडी अशीच रडते. फाटल्या जागी तेलकट डाग दिसतो. ते ठीक असेल तर मॅनिफोल्ड. इंजिन थंडच पाहिजे. तापलं की लोखंड फुगतं, चीर मिटते, चोर लपतो. म्हणून गिऱ्हाइकाला गाडी आदल्या संध्याकाळी सोडून जायला सांगा. पहिल्या मिनिटाला कान लावा. अ‍ॅक्सिलेटर दिला की टिकटिक वाढते का बघा.

तरी सापडलं नाही तर इंजिन बंद ठेवून सायलेन्सरच्या तोंडात ब्लोअरची हवा सोडा, बाजूनं फडकं कोंबा. मॅनिफोल्डच्या जोडांवर साबणाचं पाणी मारा. जिथं बुडबुडा, तिथं भोक. खर्च साबणाच्या वडीचा.

पेट्रोल टर्बोत आणखी एक फसवणूक आहे. धूर धक्क्याधक्क्यानं येतो. दोन धक्क्यांच्या मधे चिरेतून बाहेरची हवा आत ओढली जाते. ऑक्सिजन सेन्सरला ती हवा लागते, त्याला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. स्कॅनर लावला की सेन्सरचं नाव पुढं येतं. मिस्त्री सेन्सर बदलतो. माझ्यासारखाच निकाल. फक्त हातात स्कॅनर.

दुरुस्ती घाईची नाही. नटांवर आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. सकाळी जोर लावू नका. थोडं सोडा, थोडं आवळा, पुन्हा सोडा. तुटलेल्या स्टडवर नट ठेवून आतनं वेल्डिंग भरा. त्या तापानं गंज सुटतो, मग पान्यानं हळू फिरवून काढा. आतच तुटला असेल तर बरोबर मध्यावर पंच मारून ड्रिल. ड्रिल तिरका गेला की हेड गेलं. टर्बोची तेलाची नळी सोडली की भोकात लगेच स्वच्छ फडकं. आत खडा गेला तर खरोखरचा टर्बो जाईल.

मॅनिफोल्ड काढलं की तोंडावर सरळ पोलादी पट्टी धरा आणि खालून फिलर गेज सरकवून बघा. कंपनीच्या पुस्तकात दिलंय त्यापेक्षा जास्त वाकलं असेल तर लेथवाल्याकडून फेस मारून घ्या. नाहीतर नवं पॅकिंगही महिन्यात जळेल. तिथं सिलिकॉन फासू नका. डिझेलचा धूर सहा-सातशे अंशाला तापतो, पेट्रोलचा नऊशेच्या वर जातो. सिलिकॉनची राख होते.

शेवटचेच स्टड का तुटतात? मॅनिफोल्ड तापलं की लांबीनं वाढतं, निवलं की आखडतं. मध्य जागेवर, टोकं सरकतात. हेड अल्युमिनियमचं असेल तर ते बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. ओढाताण सगळी टोकाच्या स्टडवर. म्हणून आवळताना मधून सुरू करून बाहेर जायचं. दोन-तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्यानं, पुस्तकातल्या आकड्यापर्यंत. हाताच्या जोरावर विश्वास नको. एक घट्ट, एक ढिला, तिथंच पुढची चीर सुरू होते.

मामाच्या मॅनिफोल्डची चीर साताऱ्याच्या एका वेल्डरनं भरली. चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली, म्हणजे ती पुढं पळत नाही. चीर घासून खाच केली, बीड तापवलं, निकेलच्या रॉडनं थोडं थोडं भरलं, आणि सुक्या राखेत पुरून रात्रभर निवू दिलं. बीड झटक्यात थंड झालं की पुन्हा तडकतं. वर्षभर टिकलं. मग दुसरं मॅनिफोल्ड घातलं.

गाडी दुसऱ्यावर घाट चढली. मी मामाशेजारी बसलो होतो. तो काही बोलला नाही, फक्त हॉर्न वाजवला. समोर कुणी नव्हतं.

दुकानदारानं लावलेला टर्बो परत घेतला नाही. 18,000 आणि माझी मजुरी मी मामाला दोन वर्षं हप्त्यानं फेडली. मोठेपणा म्हणून सांगत नाही. पावती म्हणून सांगतोय. शेरडं परत आली नाहीत. मामीचे कानही मोकळेच राहिले. बाजारात सोनं माझ्या हप्त्यापेक्षा पुढं पळत होतं.

आणखी एक. मामा महिनाभर म्हणायचा, डोकं धरतंय. आम्ही म्हणायचो, उन्हानं. ब्लोअर लावला की चिरेतला धूर बोनेटखालून आत यायचा. काचा बंद, बारा माणसं. चीर भरली, डोकेदुखी थांबली. पेट्रोलच्या धुरात तर कार्बन मोनॉक्साइड जास्त. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपट घट्ट चिकटतो. माणूस झोपतो आणि उठत नाही. म्हणून टिकटिक ऐकली की पिकअपचा विचार नंतर करा. आधी काच खाली घ्या. आणि बंद शेडात इंजिन चालू ठेवून काम करू नका.

माझा उस्ताद म्हणायचा, हे कानानं कळतं, सांगून कळत नाही. सहा वर्षं त्याच्या हाताखाली पाने पुसले. टॉर्क पाना तो कुलपात ठेवायचा. पुस्तकही कुलपात. मी विचारलं की म्हणायचा, बघ आणि शिक. मी बघितलं. त्यानं धूर बघून निकाल दिलेला बघितला, आणि तेवढंच शिकलो. त्याचं बिल मामानं भरलं.

सांगून कळतं दोस्तहो. सगळं सांगून कळतं. रबरी पाईपचा हातभर तुकडा, दाढीचा आरसा, साबणाचं पाणी. एवढ्यानं 18,000 वाचले असते. तुमच्यातले कितीतरी जण गाडीवर आहेत, कुणाचा भाऊ गॅरेजात फडकी धुतोय. त्याला हे वाचून दाखवा.

आता माझं स्वतःचं दोन गाड्यांपुरतं शेड आहे. टॉर्क पाना भिंतीवर खिळ्याला टांगलेला असतो. पोरं न विचारता घेतात. गिऱ्हाईक आलं आणि टर्बो गेला म्हणालं की पोरगं विचारतं,

'कुणी बघितला?'