परक्याची झोळी

जानेवारी २०२० मध्ये मराठवाड्यातल्या पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटींची घोषणा झाली. त्या वेळी साईबाबांचं जन्मस्थान असा पाथरीचा उल्लेख झाला आणि १९ तारखेला शिर्डीने बंद पाळला. दुकानं बंद होती, देऊळ मात्र उघडं होतं. कळ नेमकी कुठे आली होती, ते यावरून समजतं. पाथरीकर बाबांना भुसारींच्या घरातलं मानतात. शिर्डीकर म्हणतात, बाबांनी आपलं गाव-जात कधी सांगितलीच नाही. हा निवाडा संशोधकांनी करावा. बाबा कुठलेही असोत, शिर्डीला ते परकेच आले होते, हे मात्र दोन्ही गावांना मान्य आहे. परक्याने गावात राहावं कसं, याचा धडा जन्मस्थानाच्या वादापेक्षा मोठा आहे आणि तो झोळीत सापडतो.

बाबांच्या खांद्याला झोळी, हातात टमरेल. भाकरी-भाजी झोळीत, दूध-ताक टमरेलात. ठरलेल्या मोजक्या घरांसमोर उभं राहायचं, मिळेल ते राहत्या मशिदीतल्या कोळंब्यात, म्हणजे मातीच्या भांड्यात, ओतायचं. त्यातून कुत्र्या-मांजरांनी खावं, झाडणाऱ्या बाईनेही चार तुकडे न्यावेत. पुढे दक्षिणेचे रुपये येऊ लागले, तेही संध्याकाळपर्यंत वाटले जात. म्हणजे गावातून घेतलेलं गावातच फिरत होतं. उपकार करणारा परका गावापेक्षा उंच उभा राहतो. भिक्षा मागणाऱ्याला उंबऱ्याखाली उभं राहावं लागतं, आणि तिथून गाव नीट दिसतं.

यावर कोणी म्हणेल, ही तर गरिबांच्या ताटातली भाकरी झाली. शिवाय शिर्डीचं पोट भिक्षेने नाही, भक्तांच्या पैशाने भरलं. दुसरं म्हणणं खरंच आहे. कोपरगाव स्टेशनावरून बाबांकडे यात्रेकरू आणणाऱ्या टांगेवाल्याला भाडं मिळे, तेव्हापासून तो धंदा वाढत आला आहे. पण पैसा येणं वेगळं आणि गावात मुरणं वेगळं. काळ्या जमिनीत पाऊस मुरतो, डांबरावरून वाहून जातो. पाथरीला रेल्वे नाही. मानवत रोडला उतरून सडकेने यावं लागतं. उद्या शंभर कोटींतून भक्तनिवास उभा राहिला आणि त्यातली चादर, पेढा, व्यवस्थापक सगळं बाहेरून आलं, तर गावाच्या वाट्याला गर्दी आणि कचराच उरेल. गावच्याच ज्वारीची भाकरी ताटात आली, तर थोडं तरी मुरेल. देवस्थान म्हटलं की आपण आधी कमान बांधतो, ही आपली खोड आहेच.

पहिला आक्षेप अधिक अवघड आहे, आणि भिक्षा हा आजचा मार्ग नाही, हे मी मान्य करतो. पण घेण्यातली ती बरोबरी? ती आजही दिसते. दसरा-दिवाळीनंतर मराठवाड्यातली कुटुंबं उचल घेऊन ऊसतोडीला निघतात. परक्या शिवारात, पाचटाच्या कोपीत राहतात. तेल, मीठ, मिरची तिथल्याच किराणा दुकानातून, बहुतेकदा उधारीवर घेतात. हंगाम संपेपर्यंत त्या दुकानाचा गल्ला त्यांच्यावरही चालतो. त्यांच्या येण्याची कमान कोणी बांधत नाही. कोपीपुढे चूल पेटते, कोयते पाचटात खोचलेले असतात, आणि एखादं पोर रिकामी बाटली घेऊन तेल आणायला पळतं.