ओहोटीच्या वेळी ऐरोलीची खाडी

ठाण्याहून वाशीकडे जाणारी लोकल ऐरोलीला थांबते. तेथून ठाण्याची खाडी जवळच आहे. ओहोटी लागल्यावर मुलांना घेऊन आम्ही काठावर पोहोचलो. प्रथम दिसतो तो नुसता काळा चिखल. पण जरा गप्प उभे राहिले की तो चिखल हलू लागतो.

ती निवटी! हा मासाच, परंतु पाणी ओसरले तरी तो मागे राहतो, पुढच्या परांवर रेटा देत सरकतो, उड्या मारतो. कल्ल्यांच्या पोकळीत पाणी धरून ठेवतो आणि ओल्या कातडीतूनही श्वास घेतो. कातडी सुकली तर जीव गेलाच, म्हणून मधूनमधून चिखलात लोळतो. आमच्यापैकी एकीला मात्र त्याचे कालवणच आठवले!

हिवाळ्यात येथे रोहित पक्षी येतात. त्यांची वाकडी चोच विचित्र वाटते खरी. पण मान खाली घालून, चोच उलटी धरून ते चिखलपाणी गाळतात आणि बारीक शेवाळ, किडे खातात.

तिवराच्या झाडापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. येथे पाणी खारट आणि चिखलात हवा जवळजवळ नाही. म्हणून त्याच्या आडव्या मुळांतून पेन्सिलीएवढे कोंब चिखलाबाहेर उभे राहतात. कोंबांवरच्या बारीक छिद्रांतून ओहोटीच्या वेळी हवा आत जाते. जास्तीचे मीठ पानांवाटे बाहेर पडते. एका पोराने पान चाटले आणि तोंड वेडेवाकडे केले. बीसुद्धा झाडावर फळातच रुजू लागते, म्हणजे खाली पडल्यावर मूळ धरायला वेळ लागत नाही.

"झाडाला हे कोणी शिकवले?" धाकटीने विचारले. कोणीच नाही. ज्यांच्या अंगी थोडी जास्त सोय होती ती झाडे तगली, त्यांचेच बी पुढे गेले. असे लाखो वर्षे चालले.

राडारोड्यापुढे मात्र ही सोय कुचकामी आहे. भराव पडला की छिद्रे बुजतात आणि झाड उभ्याउभ्या गुदमरते. भरतीच्या लाटांना काठावरच्या वस्तीपुढे आडोसा याच झाडांचा असतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली खारफुटीची तोड आणि तेथे भराव टाकणे यांवर बंदी घातली, २०१८ साली ती कायम केली.

जायचे असल्यास ओहोटीची वेळ आधी विचारून घ्यावी. मुलांना कोंबांवर पाय देऊ देऊ नये.