परवाना होता, पण बंदूक उघडी होती

मी चारठाण्याचा. फौजेत सतरा वर्षं काढून हवालदार म्हणून घरी आलो. पेन्शन मिळते, पण दोन पोरींची शिक्षणं चालू होती. जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून बारा बोअरच्या दुनळी बंदुकीचा परवाना काढला आणि एका बँकेत गनमॅन म्हणून लागलो. आमच्या भागातले बरेच निवृत्त फौजी हेच काम करतात. माझ्यासारखी चूक त्यांच्या हातून होऊ नये, म्हणून हे लिहितोय.

२०२३ ची दिवाळी झाली आणि हैदराबादहून जुन्या सोबत्याचा फोन आला. तिकडे एका गोदामावर बंदूकवाला रखवालदार पाहिजे होता. पगार इथल्यापेक्षा बराच जास्त. मी लगेच हो म्हणालो.

चारठाण्याला रेल्वे नाही. सेलू असो की परभणी, आधी रस्त्यानंच जावं लागतं. कोणत्या स्टेशनवर गेलो ते सांगत नाही. चूक माझी होती, त्या स्टेशनची नाही.

भाच्यानं मोटारसायकलवर नेलं. बंदुकीच्या कव्हरची चेन आदल्या रात्रीच तुटली होती. घरची म्हणाली, "सुतळीनं बांधून देते." मी म्हणालो, "राहू दे, आपल्याकडं परवाना आहे." कव्हर घडी करून पिशवीत टाकलं आणि बंदूक पट्ट्यानं खांद्याला अडकवली. दहा काडतुसं पिशवीत होती. बंदूक रिकामी होती.

स्टेशनसमोर गर्दी होती. उशीर झाला म्हणून भाच्यानं मागच्या बाजूला, मालधक्क्याजवळ सोडलं. तिथून रुळाच्या कडेनं चालत गेलं की दोनतीनशे पावलांवर फलाट येतो. सगळेच तसे जातात. मीही गेलो. रूळ तपासणारा एक कामगार वाटेत भेटला. त्यानं माझ्याकडं बघितलं, बंदुकीकडं बघितलं आणि बाजूला होऊन फोन लावला. तेव्हा ते माझ्या लक्षात आलं नाही.

फलाटावर चढलो तर माणसं बाजूला सरकायला लागली. एका बाईनं पोराला हाताला धरून मागं ओढलं. आधी मला वाटलं, फौजी म्हणून वाट देतायत. नंतर तिचं तोंड बघितलं. ती घाबरली होती. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईच्या सीएसटी स्टेशनवर अतिरेक्यांनी काय केलं ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलेलं. आणि २०२३ च्याच ३१ जुलैला जयपूर-मुंबई गाडीत रेल्वे सुरक्षा दलाच्याच एका जवानानं चौघांना गोळ्या घातल्या होत्या. लोकांच्या मनात ते ताजं होतं. माझ्या मनात ते आलंसुद्धा नाही, याची आज लाज वाटते.

दोन मिनिटांत रेल्वे सुरक्षा दलाचे दोघं जवान आले. एकानं बंदुकीवर हात ठेवला, दुसऱ्यानं पिशवी घेतली. मी आवाज चढवला. म्हणालो, मी फौजी आहे. मोठा जवान शांतपणे म्हणाला, "काका, आधी बंदूक द्या, मग बोलू." मी दिली. ते एक बरं केलं. तिथं हिसकाहिसकी झाली असती तर प्रकरण कुठल्या कुठं गेलं असतं.

ऑफिसात बसवलं. परवान्याची मूळ पुस्तिका माझ्याकडं होती, झेरॉक्स नव्हे. बंदुकीवरचा नंबर आणि पुस्तिकेतला नंबर जुळला. मुदत शिल्लक होती. पेन्शनचं कार्ड होतं. त्यामुळे चोरीची किंवा बिनपरवाना बंदूक असल्याचा संशय तिथंच मिटला.

मग लोहमार्ग पोलिसांना बोलावलं. रेल्वे सुरक्षा दल आणि लोहमार्ग पोलीस वेगळे, ते मला त्या दिवशी कळलं. रेल्वे सुरक्षा दल केंद्राचं. रुळावर शिरणं, रेल्वेच्या मालाची चोरी, असले गुन्हे त्यांच्याकडं. लोहमार्ग पोलीस राज्याचे. शस्त्राचं प्रकरण त्यांच्याकडं जातं.

त्यांचे हवालदार वयानं माझ्याएवढेच होते. त्यांनी एकेक गोष्ट कागदावर लिहीत समजावली.

पहिली गोष्ट रुळाची. रुळाची कडा, मालधक्का, यार्ड ही सगळी रेल्वेची हद्द. परवानगीशिवाय तिथं चालणं हा रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बंदूक असो वा नसो.

दुसरी गोष्ट उघड्या बंदुकीची. २०१६ च्या शस्त्र नियमांत स्पष्ट लिहिलंय की सार्वजनिक ठिकाणी बंदूक नेताना ती तिच्यासाठीच्या कव्हरात, पूर्ण झाकलेली पाहिजे आणि नेणाऱ्याच्या ताब्यात पाहिजे. खांद्यावर उघडी लटकवली की नियम मोडला, मग ती रिकामी का असेना. परवान्याची अट मोडली तर शस्त्र अधिनियमाच्या कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. वर परवानाही जाऊ शकतो.

तिसरी गोष्ट ऐकून मला घाम फुटला. त्यांनी माझं तिकीट बघितलं आणि परवान्याच्या पानावर बोट ठेवलं. तिथं क्षेत्र लिहिलेलं होतं, "महाराष्ट्र राज्य." ते म्हणाले, "फौजी, धर्माबाद सुटलं की बासर. बासर तेलंगणात. तिथून पुढं तुमची बंदूक बिनपरवाना. शिवाय तिकडं विधानसभेची निवडणूक लागलीय, ३० तारखेला मतदान. तिकडच्या पोलिसांना सापडला असता तर?"

मी काही बोललो नाही. परवाना मिळाल्यापासून ते पान मी एकदाही नीट वाचलेलं नव्हतं.

फौजेत असताना मी रायफल घेऊन कितीदा रेल्वेनं गेलो. तेव्हा कोणी विचारलं नाही, कारण ड्यूटीवरच्या सरकारी नोकराला शस्त्र अधिनियम लागू होत नाही. निवृत्त झाल्यावर मी साधा नागरिक झालो. कागदावर ते झालं होतं, माझ्या मनात झालं नव्हतं. खरं तर बंदूक खांद्यावर दिसावी असं मला वाटत होतं. हे कबूल करायला मला बरेच दिवस लागले.

गाडी गेली. जबाब झाला, पंचनामा झाला, बंदूक आणि काडतुसं जमा झाली. रात्री भाचा न्यायला आला. रुळावर शिरल्याबद्दल पुढं कोर्टात पाचशे रुपये दंड भरला. शस्त्राचा अहवाल परवाना शाखेकडं गेला आणि परवाना का रद्द करू नये, अशी नोटीस आली.

इथं एका वकिलाचा सल्ला कामी आला. ते म्हणाले, "सबबी सांगू नका. काय झालं ते तारखेनिशी लिहा, चूक मान्य करा." तसंच लिहिलं. नव्या कव्हराची पावती जोडली. फौजेतल्या सेवेचे कागद जोडले. चार महिन्यांनी लेखी ताकीद मिळाली आणि बंदूक परत आली. तोवर बँकेतली जागा गेली होती. हैदराबादची तर कधीच गेली होती. ते चार महिने घर पेन्शनवर आणि घरचीच्या शिलाईवर चाललं.

आता गावातलं कोणी बंदूक घेऊन बाहेर निघालं की मी थांबवून सांगतो. परवान्याचं क्षेत्राचं पान वाचा. राज्याबाहेर जायचं असेल तर आधी क्षेत्र वाढवून घेण्याचा अर्ज करा, कागद हातात आल्याशिवाय निघू नका. तीस दिवसांहून जास्त दुसरीकडं राहणार असाल तर जुन्या आणि नव्या, दोन्ही ठिकाणच्या परवाना अधिकाऱ्यांना कळवा. सणावाराला किंवा मोर्चाच्या दिवसांत आपल्या जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचा आदेश निघतो. त्यात काठीसुद्धा येते. निघण्याआधी पोलीस ठाण्यात विचारा. बंदूक रिकामी, कव्हरात बंद, काडतुसं वेगळी, मूळ पुस्तिका खिशात. बंदुकीचं काम नसेल तर ती परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडं किंवा पोलीस ठाण्यात जमा करून जा, पावती घ्या.

आणि फलाटावर पुढच्या दारानंच जा. गाडी चुकली तर दुसरी मिळते.