बसथांब्यावरची तिसरी मुलगी

टोकियोच्या जिंबोचो भागात यासुकुनी-दोरी हा मोठा रस्ता पूर्व-पश्चिम जातो आणि जुन्या पुस्तकांची बहुतेक दुकाने त्याच्या दक्षिण अंगाला आहेत. म्हणजे सगळ्यांची तोंडे उत्तरेला. हा योगायोग नाही. ऊन थेट आत आले की कागद पिवळा पडतो, छपाई विटते, म्हणून इथल्या दुकानदारांनी पिढ्यान्‌पिढ्या हीच बाजू धरून ठेवली. आपल्याकडे पूर्वाभिमुख गाळा मिळावा म्हणून माणसे काय काय खटपटी करतात! इथे शंभराहून अधिक दुकानांच्या बाजारपेठेने कागदासाठी सूर्याकडे पाठ फिरवली आहे. भाचीने रस्त्यावर उभे राहून हे मला दाखवले तेव्हा मी काही वेळ नुसती वर ऊन कुठे पडते तेच बघत होते.

मला हवी होती जपानी ॲनिमेशनपटांची पोस्टर्स. मूळची. मूळ पोस्टर म्हणजे चित्रपट पहिल्यांदा लागला तेव्हा वितरकाने चित्रगृहांना पाठवलेला कागद. व्हिडिओ कॅसेट निघाली तेव्हा दुकानांसाठी छापलेला, पुढे चाहत्यांसाठी पुन्हा काढलेला, हे सगळे नंतरचे. नेहमीचे माप बी-टू, ५१.५ बाय ७२.८ सेंटिमीटर. त्याच्या दुप्पट बी-वन. दोन बी-टू एकाखाली एक जोडले की तातेकान, चित्रगृहाबाहेरच्या उभ्या फळीसाठी. आणि सगळ्यात धाकटी चिराशी, १८.२ बाय २५.७ सेंटिमीटरचे पत्रक, लॉबीत फुकट ठेवलेले.

यातले पोस्टर विकण्यासाठी नव्हतेच. खेळ उतरला की पोस्टर उतरायचे आणि रद्दीत जायचे. जुन्या काळी सार्वजनिक स्नानगृहांत आणि गल्लीतल्या दुकानांतही ही पोस्टर्स लागत. भिंत देणाऱ्याला भाड्याऐवजी सिनेमाचे फुकट तिकीट मिळे. म्हणजे वाफ, ओले हात, चिकटपट्टी, टाचण्या यांतून जे वाचले ते आज आपल्यापुढे येते. कुणीतरी चित्रगृहातल्या माणसाने ते फाडून न काढता एकेक टाचणी उपटली, गुंडाळी केली आणि घरी नेले, म्हणून ते आहे.

जिंबोचोत सिनेमाची जुनी कागदपत्रे विकणारी दुकाने आहेत. यागुची शोतेन हे १९१८ पासूनचे दुकान सिनेमा-नाटकांच्या पुस्तकांसाठी नावाजलेले. त्याच्या बाहेरच्या भिंतीलाच कपाटे आहेत आणि लोक पदपथावर उभे राहून वाचतात. आम्ही गेलो ते त्याहून लहान, जिना चढून वर. आत एकावेळी चार माणसे मावतील एवढीच जागा. भिंतीवर एकही पोस्टर लावलेले नाही. टेबलावर जाडजूड फायली, त्यांत प्रत्येक पोस्टरचे छोटे छायाचित्र आणि खाली क्रमांक. आपण बोट ठेवायचे, मालक आतून ते आणणार.

मालक सत्तरीच्या पुढचे. त्यांनी टेबल पुसले, हात पुसले, मग गुंडाळी उलगडली आणि चारी कोपऱ्यांवर कापडात शिवलेली वजने ठेवली. मी चित्र बघायला पुढे वाकले, तर ते थांबा म्हणाले आणि भाचीशी काही बोलले.

“मावशी, ते म्हणतायत, आधी दोष बघून घ्या, चित्र मग.”

आणि खरोखर त्यांनी दोष दाखवायला सुरुवात केली. चार कोपऱ्यांना टाचणीची भोके. वरच्या कडेला नखाएवढी फाट. मागे चिकटपट्टीचा पिवळा डाग. एका जागी कागद दुमडून पुन्हा सरळ केलेला. ती रेघ मला दिसेना, तेव्हा त्यांनी दिवा खाली, टेबलाच्या पातळीवर आणून तिरका धरला. रेघ उमटली. विकणाऱ्या माणसाने घेणाऱ्याला न दिसणारा दोष दिवा धरून दाखवावा, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले.

मग चित्र. ‘तोनारी नो तोतोरो’, १९८८. रात्र, पाऊस, बसथांबा. प्रचंड, केसाळ तोतोरो उभा आणि शेजारी छत्री घेतलेली एक लहान मुलगी. चित्रपट मी कितीदा पाहिला असेल, आणि तरी मालकांनी विचारले, “ही मुलगी कोण?” तेव्हा मी सात्सुकी म्हणायला तोंड उघडले आणि थबकले. ती सात्सुकी नाही. मेईही नाही. चित्रपटात त्या प्रसंगी दोघी बहिणी आहेत. धाकटी मेई थोरलीच्या पाठीवर झोपलेली. पोस्टरवर एकच मुलगी, आणि तिच्यात दोघींची थोडी थोडी लक्षणे. हायाओ मियाझाकी यांच्या मूळ कल्पनेत मुलगी एकच होती. पुढे गोष्ट वाढली, त्या एकीच्या दोघी बहिणी झाल्या. पण बसथांब्यावर तोतोरोशेजारी एकटी उभी राहिलेली मूळ आकृतीच पोस्टरवर शोभून दिसली, म्हणून ती राहिली. चित्रपटात जी मुलगी नाही ती फक्त या कागदावर आहे.

ओळीही अशाच बदललेल्या. पोस्टरवरचे शब्द शिगेसातो इतोई यांचे. त्यांनी आधी लिहिले होते की हा विचित्र प्राणी आता जपानात उरलेला नाही, बहुधा. मियाझाकींना ते पटले नाही. तो कुठेतरी आहेच असे त्यांना म्हणायचे होते. छापले गेले ते, तो अजून जपानात आहे, बहुधा. जंगले तोडून वसाहती उठवलेल्या देशात हा एक फरक करून घेण्यासाठी दिग्दर्शक अडून बसतो, याचे मला फार अप्रूप वाटते.

तोतोरो १६ एप्रिल १९८८ ला लागला, पण एकटा नाही. त्याच्याच जोडीला, त्याच तिकिटात, इसाओ ताकाहाता यांचा ‘होतारू नो हाका’ होता: १९४५ च्या बॉम्बवर्षावात कोबे शहरात पोरकी झालेली दोन भावंडे, सेइता आणि सेत्सुको. एकीकडे तो केसाळ, हसरा प्राणी. दुसरीकडे उपासमारीने मरणारी मुले. मालकांनी दुसरी गुंडाळी उघडली. गवतात बसलेली भावंडे, भोवती काजव्यांचे ठिपके, वर काळोख. सुंदर, शांत चित्र. “वर बघा,” ते म्हणाले आणि दिवा पुन्हा तिरका केला. मला आधी काहीच दिसेना. मग त्या काळोखात त्याहून काळा असा एक आकार हळूहळू सुटा झाला. पंख. लांब, सरळ पंख. बी-२९ बॉम्बर विमान मुलांच्या डोक्यावर आहे, आणि काजवे समजून आपण जे ठिपके बघत होतो त्यांतले काही वरून पडणारे आगीचे बॉम्ब आहेत.

माझ्या अंगावर काटा आला. हे पोस्टर लागले तेव्हा खाली उभे राहून मुलांनी आईबापांकडे तिकिटाचा हट्ट धरला असेल. जपानात २०१८ मध्ये कुणीतरी या चित्राचा उजेड वाढवून ते विमान दाखवले, तेव्हा देशभर त्याची चर्चा झाली. तोवर तीस वर्षे बहुतेकांच्या नजरेतून ते निसटले होते. आणि निसटावे असेच ते काढले आहे. मुलांना काजवे दिसताहेत, विमान दिसत नाही. पाहणाऱ्याचीही गत तीच.

म्हणून मूळ कागदाचा आग्रह. निकृष्ट नकलेत काळोख सगळा एकजीव होतो आणि विमान बुडते. मालकांनी भिंग हातात दिले. छापील चित्र म्हणजे चार शायांच्या बारीक ठिपक्यांची जाळी. पण मूळ पोस्टरवर तळाची बारीक अक्षरे ठिपक्यांची नसतात, सलग शाईची, कडा धारदार. पोस्टरचे छायाचित्र घेऊन पुन्हा छापले की अक्षरेही ठिपक्यांत फुटतात. एकदा पाहिले की विसरता येत नाही. माप हीसुद्धा मोठी खूण. जपानी बी-टू आंतरराष्ट्रीय बी-टूहून थोडे मोठे असते आणि बाहेर छापलेल्या नकला पुष्कळदा २४ बाय ३६ इंचांच्या असतात. बऱ्याच पोस्टरवर साल नसते, नुसता महिना, तारीख आणि वार. मग कॅलेंडर काढून वार जुळवायचा. १६ एप्रिल १९८८ ला शनिवार होता. मियाझाकींच्याच ‘नौसिका’चे पोस्टर घेताना आणखी एक: तो चित्रपट मार्च १९८४ मध्ये आला, तोतोरो काढणारा स्टुडिओ जिब्ली स्थापन झाला १९८५ मध्ये. नौसिकाच्या पोस्टरवर जिब्लीची खूण असेल तर ते पहिल्या प्रदर्शनाचे नव्हे. आणि रंग निळसर पडले असतील तर ते खिडकीत लागले होते असे समजावे, कारण लाल आणि पिवळी शाई उन्हाने आधी उडते.

नाकानो ब्रॉडवेला दुसऱ्या दिवशी गेलो. १९६६ ची इमारत, खाली दुकाने, वर राहती घरे. १९८० मध्ये इथे जुन्या मांगा चित्रकथांचे एक छोटे दुकान निघाले, मांदाराके. आज त्याचीच कितीतरी दालने मजल्यामजल्यावर पसरली आहेत. गर्दी, उजेड, काचेच्या पेट्या. जिंबोचोतला निवांतपणा नाही, पण एक गोष्ट तिथेच पाहायला मिळाली: तोएई कंपनीच्या सुट्टीतल्या बालचित्रमेळ्यांची पोस्टर्स. एका तिकिटात चार-पाच चित्रपट, आणि कागदावर सगळ्यांचे नायक दाटीवाटीने. जपानचा पहिला पूर्ण लांबीचा रंगीत ॲनिमेशनपट ‘हाकुजादेन’ याच तोएईचा, १९५८ चा. त्याचे पोस्टर मी फक्त काचेआड पाहिले आणि तेवढ्यावरच पोट भरले.

‘रामायण : द लिजंड ऑफ प्रिन्स राम’चे काही आहे का, हे मी दोन्हीकडे विचारले. युगो साको यांनी मुंबईच्या राम मोहन यांना सोबत घेऊन केलेला हा जपानी-भारतीय चित्रपट १९९२ मध्ये पुरा झाला आणि आपल्या चित्रगृहांत रीतसर लागला तो थेट जानेवारी २०२५ मध्ये. त्याचा कागद कुठेच नव्हता. ज्यांच्याकडे असेल त्यांनी जपून ठेवावा. आपल्या माणसाच्या हाताचे काम त्यात आहे.

तोतोरो आणि होतारूची पोस्टर्स माझ्या ऐपतीबाहेरची होती. मी मालकांकडून त्या जोडखेळाची चिराशी घेतली. त्यांनी ती पुठ्ठ्यावर ठेवून प्लॅस्टिकच्या पाकिटात सरकवली, आणि एका कोपऱ्याला घडीची खूण आहे हे पावतीवर लिहून दिले.

टोकियोला जाणार असाल तर एक करा. कुठल्याही चित्रगृहाच्या लॉबीत आजच्या चिराशी मांडणीत फुकट ठेवलेल्या असतात. आवडेल ती उचला, सपाट फाइल सोबत ठेवा, घडी घालू नका, आणि घरी आल्यावर उन्हापासून लांब ठेवा. पोस्टर घ्यायचे असेल तर पट्टी आणि भिंग खिशात हवे. आणि दुकानदार आधी दोष दाखवू लागला, तर त्याच्याकडूनच घ्या.