झालर लावा, पण कापड बघून



माझ्याकडून तुम्ही बोंडअळी, खताच्या मात्रा, बीजप्रक्रिया असल्याच गोष्टी ऐकत आला आहात. कृषी विस्ताराच्या नोकरीत माझी तीसएक वर्षे गेली, त्यामुळे मी तोंड उघडले की त्यातून कपाशी नाहीतर सोयाबीनच बाहेर पडणार, अशी आमच्या घरच्यांचीही खात्री आहे. आज मात्र मी तुमच्याशी झालरीबद्दल बोलणार आहे. होय, लहान मुलीच्या फ्रॉकला खाली चुण्या घालून लावतात ती झालर. तुम्ही म्हणाल, मॅडमना आता काम उरले नाही वाटते! पण थोडे पुढे वाचा.

तुमच्या घरातली ट्रंक किंवा कपाट उघडून पाहा. बियाण्याच्या नाहीतर औषधाच्या कंपनीने कुठल्यातरी मेळाव्यात वाटलेले टी-शर्ट त्यात चार-दोन तरी निघतील. मुलाचे आखूड झालेले असतात, पुण्या-मुंबईच्या पाहुण्याने ‘चांगले आहेत, वापरा’ म्हणून दिलेले असतात, आठवडी बाजारात ढिगातून उचलून आणलेले असतात. पूर्वी बोहारीण यायची, जुने कपडे घेऊन पातेले-डबा द्यायची. आता ती क्वचित दिसते आणि या होजिअरीच्या कपड्याला तिच्याकडेही मोल नव्हते. मग ते कपडे घरधनी शेतात घालतात आणि धन्याचा जुना पूर्ण बाहीचा शर्ट आपण साडीवर चढवून कापूस वेचायला जातो. बाईच्या अंगावर शेतात स्वतःसाठी शिवलेला कपडा मी फार थोड्या ठिकाणी पाहिला आहे.

गेल्या वर्षी खरिपात एका गावी कपाशीची पाहणी करून परतताना एका घरी पाणी प्यायला थांबले. घरची सून पंचविशीतली, हाताची मोठी हुशार. तिने टी-शर्टचा फ्रॉक केला होता, तिच्या तीन वर्षांच्या लेकीसाठी. निळा साधा टी-शर्ट, बाह्या आत घेऊन मुंढा लहान केलेला, गळ्याला बारीक दुमड आणि खाली जुन्या पिवळ्या साडीची दुहेरी झालर. सगळे हाताने. तीन रात्री बसली होती. अंगणवाडीत कार्यक्रम होता, त्यासाठी. मी फ्रॉक हातात घेतला, उलटा करून टाके पाहिले आणि मनापासून वाहवा केली.

मग खांद्याजवळ मला एक डाग दिसला. धुऊन फिका पडलेला, तळहाताएवढा. आमच्या धंद्यात असा डाग ओळखायला वेळ लागत नाही. पाठीवरच्या पंपाचा पट्टा जिथे बसतो आणि टाकीचे झाकण सैल असले की जिथे पाझरते, तीच ही जागा.

मी विचारले, “हा शर्ट कुणाचा होता ग?”

“ह्यांचा. फवारणीला घालत्यात त्यो.”

सासूबाई उंबऱ्यात बसल्या होत्या, त्या म्हणाल्या, “दोन येळा धुतलाय की, मॅडम. सोडा घालून.”

आता काय करावे? त्या पोरीच्या तोंडावरचा आनंद अजून ओसरला नव्हता. गप्प बसून चहा घेऊन निघावे, असेही एक क्षण मनात आले, खोटे कशाला सांगू? पण २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते दिवस आमच्या खात्यातल्या कुणाच्याही डोक्यातून गेलेले नाहीत. फवारणीचे औषध नुसते नाका-तोंडावाटे जात नाही, कातडीतूनही शरीरात जाते. कपड्यात मुरलेले औषध एक-दोन धुण्यांत पुरते निघून जात नाही. मोठ्या माणसापेक्षा लहान मुलाला ते लवकर बाधते, त्यातून होजिअरीचे कापड अंगाला चिकटून बसणारे, आणि घाम आला की आणखीच. म्हणून सांगितले. जितके हळू सांगता येईल तितके हळू सांगितले, पण शेवटी ‘हा फ्रॉक लेकीला घालू नकोस’ हेच सांगायचे होते.

ती काही बोलली नाही. फ्रॉक माझ्या हातातून घेतला आणि मांडीवर ठेवून झालरीवरून बोट फिरवत राहिली.

मी म्हणाले, “झालर उसवू आपण. ती साडीची आहे, तिने फवारणी पाहिलेली नाही. वेगळी धुऊन घेऊ आणि दुसऱ्या शर्टाला लावू.” सासूबाईंनी आतून एक कोरा टी-शर्ट आणला, पिशवीतून न काढलेला. कंपनीचे नाव छातीवर होते, पण पाठ पूर्ण कोरी. आम्ही दोघी ओट्यावर बसलो. ती एका बाजूने उसवत होती, मी दुसऱ्या बाजूने. आणि उसवता उसवता मला माझी आई आठवली.

१९८२ साल असावे, मी सातवीत होते. दरवर्षी माझा फ्रॉक आखूड व्हायचा आणि आई त्याला खालून झालर जोडायची, तिच्या विरलेल्या लुगड्याची. लुगडे विरते ते मधोमध. पदर आणि आत खोचलेले टोक शेवटपर्यंत धड राहते, त्यातून ती पट्टी काढायची. त्या वर्षीची झालर हिरवी होती, फ्रॉक गुलाबी. शाळेत एक मुलगी म्हणाली, “आजीचं लुगडं नेसून आलीस का ग?” सगळ्या हसल्या. परतताना ओढ्याकाठी बसून मी ती झालर ओढून, दोरा तोडून काढली आणि घरी येऊन सांगितले, बोरीच्या काट्यात अडकली. आईने काही विचारले नाही. रात्री कंदिलाजवळ बसून तिने ती परत लावली, दुहेरी टीप घालून. “आता काट्यात गुंतली तरी सुटायची नाही,” एवढेच म्हणाली.

इतकी वर्षे मी समजत होते की माझी थाप पचली. त्या ओट्यावर सुईच्या टोकाने टाके उचलताना हातातल्या कापडाकडे पाहिले. पट्टी जशीच्या तशी, कुठे ओरखडाही नाही. काट्याने कापड फाटते, टीप उसवत नाही. आईला ते पहिल्याच नजरेत कळले असणार. ती २००९ साली गेली. आता कुणाला विचारणार?

असो. झालरीची युक्ती सांगायची राहिली, ती सांगते. मी परभणीला बी.एस्सी. करत असताना वसतिगृहात गृहविज्ञानाच्या मुली होत्या, त्यांनी शिकवलेला हिशेब आजही माझ्या वहीत आहे.

शर्टाच्या खालचा घेर मोजा. समजा, ४० इंच भरला. सुती साडीची झालर दीडपट ते दुप्पट घ्यावी, म्हणजे ६० ते ८० इंच. कापड अगदी तलम असेल तर अडीचपटही खपते. साडीचा पन्हा साधारण ४५ इंचांचा, तेव्हा आडव्या दोन पट्ट्या जोडल्या की काम भागते. सुती कापडाला कात्रीने नख लावून टरकवले तर ते धाग्याला धरून सरळ फाटते, खडूची रेघही लागत नाही. काठाची झालर करायची असेल तर पट्टी काठाच्या लांबीत काढा. खालची दुमड वाचते आणि दिसते झकास, पण काठ जाड असल्याने चुण्या दाट बसत नाहीत. दीडपटीवर जाऊ नका.

चुण्यांसाठी वरच्या कडेला धावदोऱ्याच्या दोन ओळी घाला, एकमेकींपासून पाव इंचावर. एकीवर भागवू नका. एका ओळीच्या चुण्या लोळतात, दोन ओळींच्या उभ्या राहतात, आणि ऐन वेळी एक दोरा तुटला तर दुसरा हात देतो. दोऱ्याचे एक टोक गाठ न मारता मोकळे ठेवा आणि तिकडून हळूहळू ओढा. शर्टाच्या घेराचे चार भाग करून टाचण्या लावा, पट्टीचेही चार भाग करा आणि खूण खुणेला जुळवा. नाहीतर पुढे सगळ्या चुण्या आणि मागे सपाट, अशी गत होते. पेरणीत पाभर एका ठिकाणी दाट पडावी तसे.

बाहीला किंवा खांद्याला गोल कापाची झालर शोभते. तिला चुण्या लागत नाहीत. मुंढा १९ इंच असेल तर ३ इंच त्रिज्येचे वर्तुळ काढा, त्याचा घेर जवळजवळ तेवढाच येतो. त्याच मध्यावरून ६ इंचाचे दुसरे वर्तुळ काढा आणि मधली कडी कापून एका जागी उघडा. आतली कड मुंढ्याला लावली की बाहेरची कड आपोआप दुप्पट घेराची, लाटा मारणारी. विहिरीचा आतला घेर आणि बाहेरच्या ओट्याचा घेर यात फरक असतो ना, तेच गणित.

आता होजिअरीची खोड. ते कापड ताणते. शिवताना शर्ट ओढू नका, नाहीतर शिवण लाटेसारखी वर-खाली होते. मशीन असेल तर गोल टोकाची सुई आणि नागमोडी टीप घ्या. साध्या टोकदार सुईने विणीचे धागे तुटून भोके पडतात. हाताने करत असाल तर उलट टीप घाला, थोडी सैल, आणि दर वीतभर अंतरावर दोन टाके जागच्या जागी घ्या. ताठ धावदोरा घातला तर कपडा डोक्यातून घालताना दोरा तटकन तुटतो. याच कारणाने साडीची पट्टी गळ्याला गच्च फिरवू नका. साडी ताणत नाही, मग मुलीचे डोके अडकते आणि रडारड होते. साडीचा रंग जातो का, तेही आधी ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून पाहा. बाजारातून आणलेला जुना कपडा असेल तर गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवल्याशिवाय त्याला कात्री लावू नका.

आणि एक गोष्ट मी हट्टाने सांगते. झालर ही सणावाराला, शाळेला, गावाला जायला. मळणी यंत्राजवळ आणि कडबाकुट्टीजवळ झालरीचा कपडा नको, ओढणी नको, लोंबणारे काही म्हणजे काही नको. फिरता पट्टा कापडाचे टोक धरतो आणि मागे माणूस ओढला जातो. हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. चुलीपाशीही तसेच. त्यातून झालर नायलॉनची किंवा टेरिलीनची असली तर ती पेटून वितळते आणि कातडीला चिकटते. मुलींसाठी सुतीच घ्या.

फवारणीच्या कपड्याचे काय, असे विचाराल. तो घरच्या धुण्यात मिसळू नये. आधी नुसत्या पाण्यातून काढावा, मग गरम पाण्यात साबणाने वेगळा धुवावा आणि उन्हात बाहेर वाळवावा. हातात मोजे असावेत. ज्याच्यावर न मिसळलेले औषध सांडले तो पुन्हा वापरूच नये. आणि फवारणीच्या कपड्याची गोधडी, फडके, लंगोट, फ्रॉक काही करू नये. कित्येक घरांत तो शर्ट फवारणीचा हे एका घरधन्यालाच ठाऊक असते आणि कापते बायको. म्हणून मी त्या दिवशी त्या घरी एक युक्ती केली. निळ्या शर्टाच्या गळ्यावर, बाहेरून दिसेल असे, लाल दोऱ्याचे चार टाके घातले. लाल दोरा दिसला की त्याला कात्री नाही.

नव्या शर्टाचा फ्रॉक व्हायला तिला आणखी दोन रात्री लागल्या, कार्यक्रम मात्र साधला. छातीवरचे कंपनीचे नाव तिने आडव्या झालरीखाली झाकून टाकले. मला हे सुचले नव्हते.

दिवाळीनंतर पुन्हा त्या बाजूला गेले होते. आता ती शेजारणींना शिवून देते. फ्रॉकमागे पन्नास रुपये घ्यावेत की साठ, असे मला विचारत होती. मी म्हणाले, तीन रात्रींचे काम आहे, शंभर घे. सासूबाईंना ते फार वाटले. बोलणे चालू असताना मी गोठ्याकडे पाहिले. दाराबाहेर वेगळ्या खुंटीला पंप टांगला होता आणि त्याच्याशेजारी तो निळा शर्ट. गळ्याजवळचे लाल टाके दुरूनही दिसत होते. चार नव्हे, तिने आणखी सहा घातले होते.