अ‍ॅल्युमिनियमला तांबडा गंज चढत नाही

विमाने, जहाजे, रणगाडे यांच्या प्लास्टिकच्या छोट्या प्रतिकृती जोडून त्या रंगवणे हा छंद आपल्या माणसांत फारसा रुजलेला नाही. संच महाग, रंग बहुधा परदेशी, आणि पोटापाण्याच्या उद्योगातून उरलेला वेळ व पैसा मुलांच्या शिक्षणाकडे जाणारा. त्यामुळे शाळेच्या स्मरणिकेत या विषयावरचा लेख पाहून काही वाचकांना नवल वाटेल. परंतु आपल्या विज्ञानकक्षातील काचेच्या कपाटात यंदा एक मिग-२१ विमान ठेवले जाणार आहे. ते कुणी केले, त्याच्या रंगात काय बिघडले आणि ते कसे सुधारले, हे लिहून ठेवावे असे मला वाटले. कारण कपाटापुढे उभ्या राहणाऱ्या मुलांना त्यातले काहीच दिसणार नाही.

हे विमान माझ्या मामांचे. मामा १९६९ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, नाशिकजवळच्या ओझरच्या विमान कारखान्यात रंगकामाला लागले. आमच्या घराण्यातला पहिला महिन्याचा पगार त्यांचा. मला पाचवीत आपल्या वसतिगृहात आणून सोडले तेही त्यांनीच. माझ्या पत्र्याच्या पेटीवर त्यांनी कारखान्यातल्यासारखी अक्षरे छापून नाव आणि क्रमांक घातला होता. आमच्या तुकडीतील जुन्या मित्रांना ती पेटी आठवत असेल, कारण पुढच्या दोन रविवारी मामांना आणखी अकरा पेट्या रंगवाव्या लागल्या. अक्षर वाकडे गेले तर ते पुसून पुन्हा घालीत. दहा वर्षांच्या पोराच्या पेटीवर एवढा काटेकोरपणा कशाला, असे गृहप्रमुखांनी विचारले तेव्हा ते नुसते हसले होते.

भारतीय हवाई दलात मिग-२१ आले १९६३ मध्ये, आणि ओझरला तयार झालेली पहिली मिग विमाने त्यातल्या एफएल प्रकारची होती. त्या काळात त्यांचे अंग रंगवलेले नसे. उघड्या धातूची चंदेरी झळाळी, नाकातला शंकू हिरवा, आणि पंखांवर केशरी-पांढरे-हिरवे चक्र. मामांच्या हाताला जे काम आले ते मुख्यतः या चक्रांचे आणि क्रमांकांचे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगड येथे मिग-२१ ला अखेरचा निरोप दिला गेला. निवृत्तीची बातमी त्याआधी जुलैतच आली होती, आणि त्याच पावसाळ्यात मामांनी माझ्याकडून एकास बहात्तर प्रमाणाचा संच मागवून घेतला. मूळ विमानाच्या पंखांचा विस्तार ७.१५ मीटर, या प्रमाणात तो जेमतेम दहा सेंटिमीटर होतो. पंचाहत्तरीच्या माणसाने, त्यात काचबिंदूने नजरेचा कडेचा भाग खाल्लेला असताना, असले काम अंगावर घ्यावे का, हा प्रश्न मामींनी मला फोनवर विचारला. माझ्यापाशी उत्तर नव्हते. संच मी पाठवून दिला.

जोडणी आणि चंदेरी रंग त्यांनी स्वतः केला. वेदरिंग, म्हणजे ऊनपावसाच्या आणि वापराच्या खुणा रंगाने दाखवण्याचे काम, त्यांच्या नातवाने केले. नातू आपल्याच शाळेत आठवीत आहे. गणपतीच्या सुटीत घरी आला असताना त्याने मोबाइलवर रणगाडे रंगवण्याच्या चित्रफिती पाहिल्या आणि आजोबांना चकित करावे म्हणून सबंध विमानावर तपकिरी गंजाचे ओघळ सोडले, पोटाखाली चिखल माखला. मेहनत मोठी होती. एकेक ओघळ बारीक ब्रशने ओढलेला होता. आजोबांना ते लगेच दिसले नाही, हे त्यातले खरे दुखणे. दोन दिवसांनी खिडकीपाशी भिंग लावून पाहताना त्यांना कळले. मुलाला ते काही बोलले नाहीत. मला मात्र फोन आला, “अरे, विमानाला गंज चढवलाय रे पोरानं. अ‍ॅल्युमिनियमला तांबडा गंज चढतो का कधी?”

चढत नाही. लोखंड गंजते तेव्हा तांबूस भुगा होतो आणि पाण्याबरोबर खाली ओघळतो. अ‍ॅल्युमिनियमवर हवेने जो थर धरतो तो करडा, मळकट पांढरा. त्याने झळाळी मंदावते, एवढेच. रणगाड्याचे वेदरिंग विमानाला लावणे ही या छंदातील फार सार्वत्रिक चूक आहे, आणि तिचे मूळ हातात नसून पाहण्यात आहे. गेल्या शतकाच्या सत्तरीच्या दशकात अमेरिकेचे शेप पेन, त्यानंतर बेल्जियमचे फ्रान्स्वा व्हर्लिंडेन यांच्या कामामुळे प्रतिकृती जुन्या, वापरलेल्या दाखवण्याची गोडी जगभर लागली. त्यात रणगाडे पुष्कळ होते. शिकणारा मग खुणा शिकतो, कारणे शिकत नाही. मला विचाराल तर नव्याकोऱ्या विमानापेक्षा चुकीचे म्हातारे केलेले विमान अधिक खोटे दिसते.

दिवाळीच्या सुटीत मी मामांकडे गेलो. विमान शाळेला द्यायचे ठरले होते, आणि मामांचे एकच म्हणणे होते, की विज्ञानाच्या खोलीत गंजलेले अ‍ॅल्युमिनियम जाता कामा नये.

रंगाची दुरुस्ती करताना पहिला प्रश्न असतो तो कोणत्या थरावर कोणता थर आहे, हा. प्रत्येक रंगाचा एक द्रव असतो जो त्याला विरघळवतो, आणि वरच्या रंगाचा द्रव खालच्या रंगाला लागू नये अशा बेताने थर रचलेले असले तर वरची चूक खालच्याला धक्का न लावता पुसता येते. इथे खाली लॅकरचा चंदेरी रंग, त्यावर लॅकरचेच चकचकीत पारदर्शक वॉर्निश, त्यावर डिकल म्हणजे पाण्याने सुटणारी चिन्हे, पुन्हा वॉर्निश, आणि सगळ्यांत वर नातवाचा इनॅमलचा गंज. इनॅमल टर्पेंटाइनने सुटते. वाळलेल्या लॅकरला टर्पेंटाइन काही करीत नाही. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा एनसी थिनर मात्र लॅकर तर खातोच, खालचे प्लास्टिकही खातो. तो या टेबलाजवळ आणू नये. चाकाच्या खोबणीत, जिथे कुणाची नजर जात नाही, तिथे आधी टर्पेंटाइन लावून पाहिले. तपकिरी रंग कापसावर आला, चंदेरी जागेवर राहिला.

गंज काढण्याचे काम नातवाकडूनच करून घ्यावे, असे मामांनी सुचवले. मुलगा हिरमुसला होता. तीन आठवड्यांचे काम पुसायला सांगितल्यावर कोण हिरमुसणार नाही? त्याला कापूस गुंडाळलेली काडी दिली आणि ती टर्पेंटाइनमध्ये बुडवून आधी कागदावर टिपायला सांगितले. काडी ओली नको, ओलसर हवी. घासायचे नाही, डागावर टेकवून थांबायचे, रंग मऊ झाला की उचलायचा. दोन महिने वाळलेले इनॅमल हट्टी असते. एकेका ओघळाला तीन-तीन वेळा टेकवावे लागले. पॅनेलच्या खाचांत थोडा करडा-तपकिरी रंग उरला, तो मामांनी राहू दिला. पत्र्यांच्या सांध्यांत मळ साचतोच. कापसाचा ढीग वाढत गेला तसा मुलगा बोलू लागला. गंज नाही तर मग काय असते, असे त्याने विचारले, आणि मामा तासभर सांगत राहिले. तंत्रज्ञ पंखाच्या मुळाशी पाय देऊन चढतात, तिथली चमक मरते. शेपटीकडे इंजिनाच्या उष्णतेने धातू आधी पिवळसर, मग निळसर होतो. विमान उभे असताना गळलेले तेल खाली जाते, उडताना तेच मागे ओढले जाते. म्हणून विमानावरचा डाग कोणत्या दिशेला आहे ते पाहिले की तो केव्हाचा ते कळते. हे सगळे मी इतक्या वर्षांत कधी विचारले नव्हते, आणि त्यांनीही आपणहून सांगितले नव्हते.

गंजाखालून दुसरा दोष वर आला. वॉर्निशवर पांढुरकी धुरकट झाक होती. यात हाताचा दोष नव्हता. मामांनी वॉर्निश फवारले ते भर ऑगस्टमध्ये. थिनर झपाट्याने उडून जाताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतील बाष्प त्यावर धरते आणि वाळणाऱ्या थरात अडकून पांढरे दिसते. मोटारी रंगवणाऱ्या कारागिरांना हे चांगले ठाऊक असते; पावसात ते सावकाश उडणारा थिनर वापरतात. उपायही तोच. नोव्हेंबरच्या कोरड्या दुपारी सावकाश उडणाऱ्या थिनरचा अगदी हलका फवारा मारला. वरचा थर क्षणभर पुन्हा ओला झाला, अडकलेला ओलावा निघून गेला आणि पांढरेपणा डोळ्यांदेखत विरला. या दुरुस्तीत दुसरा हात मारण्याचा मोह आवरावा लागतो. फवारा जड झाला की ओघळ येतो.

झाक गेली आणि डाव्या पंखावर, चक्राला लागून, अंगठ्याचा ठसा दिसला. वॉर्निश पुरते वाळण्याआधी विमान उचलले गेले होते. ठसा इतका स्वच्छ होता की रेषा मोजता याव्यात. हा ठसा ठेवावा, असे माझ्या मनात आले. ज्या हाताने त्या चक्रांचे खरे रंग भरले त्या हाताची खूण त्याच चक्राशेजारी राहील, यात मला काही अर्थ दिसत होता, आणि मी तसे म्हणालोही. मामा एकदम कडक झाले. “असला पंख मी शेडबाहेर जाऊ दिला नसता. काढ तो.” थोड्या वेळाने म्हणाले, “शाळेत ठेवायचंय ना? मग पोरांनी विमान बघायचं. माझा अंगठा कशाला?” आमच्या आजोबांच्या पिढीत कागदावर अंगठा उठवण्याखेरीज गत्यंतर नव्हते. मामांना ते आठवले की नाही, मी विचारले नाही.

चंदेरी रंगावरचा ठसा काढणे हे साध्या रंगावरच्या ठशासारखे नसते. हिरवा किंवा करडा रंग असता तर दोन हजार नंबरच्या वॉटर पेपरने पाण्यात घासून तेवढ्याच जागी फवारा मारता आला असता. धातूसारख्या रंगात मात्र घासलेला प्रत्येक ओरखडा चमकतो आणि नवा ठिपका जुन्या रंगाशी कधीच मिळत नाही. म्हणून दुरुस्ती पॅनेलच्या रेषेपासून रेषेपर्यंत करावी लागते. रेषेवर रंगाची छटा बदलली तर ती खऱ्या विमानावरच्या दोन पत्र्यांसारखीच दिसते. ठसा चक्राला लागून असल्याने चक्रही जाणार होते. तसेही ते डिकल बिघडलेलेच होते: खाली हवा राहिल्याने कडेला चंदेरी बुडबुडे आले होते. इतर चिन्हांवरचे बुडबुडे सुईच्या टोकाने टोचून त्यांत डिकल मऊ करणारा द्रव सोडल्यावर बसले. या एका चक्राला घासून काढले, बाजूचे भाग झाकले, आणि ते पॅनेल नव्याने चंदेरी केले.

आता चक्र कुठून आणायचे? संचात जादा चिन्हे नव्हती. मामा म्हणाले, आपण ते रंगवू. काट्याच्या कंपासला पात्याचे टोक बसवून त्यांनी मास्किंग टेपमध्ये एकात एक वर्तुळे कापली. नजर साथ देत नव्हती. ते टेप काचेवर चिकटवून, डाव्या बोटाने कड चाचपत कापीत होते. हात मात्र तसूभर हलला नाही. एअरब्रश नातवाच्या हाती दिला. आधी सबंध वर्तुळ पांढरे, मग ते झाकून केशरी, मग मधला हिरवा. प्रत्येक रंगाआधी टेपच्या कडेवर खालच्याच रंगाचा पातळ हात मारायला त्यांनी सांगितले, म्हणजे कडेखाली काही शिरायचेच असेल तर तो खालचाच रंग शिरतो आणि वरचा रंग कडेवर थांबतो. टेप काढताना ती मागे दुमडून, अगदी सावकाश. हिरव्याची एक कड केसभर बाहेर गेली होती. ती लाकडी दातकोरणीचे टोक ओलसर करून मुलाने स्वतः खरवडली. मामांनी भिंगाखाली विमान धरले, चक्रावरून बोट फिरवले आणि दुसरे पॅनेल चाचपू लागले. हरकत असती तर ते बोलले असते.

शेपटीकडचा निळसर-पिवळा पट्टा आणि पंखाच्या मुळाशी मेलेली चमक हे शेवटचे काम मुलाने मामांच्या सांगण्यावरून केले. ते इतके फिके आहे की लक्ष देऊन पाहिल्याशिवाय दिसायचे नाही. त्याला ते थोडे कमीच वाटले असावे.

सुटी संपून तो वसतिगृहात परतण्याच्या आदल्या संध्याकाळी मी त्याच्यासाठी टी-५५ रणगाड्याचा संच आणून दिला. खोका उघडायच्या आधीच त्याने आजोबांना विचारले, “हा लोखंडाचा असतो ना? ह्याला चढतो गंज?”

“चढतो की,” मामा म्हणाले. “पण ह्याच्यावर पाणी कुठं साचून राहतं, ते आधी शोध.”

मुलगा खोक्यावरचे चित्र दिव्याखाली धरून बसला. जेवायला दोनदा बोलवावे लागले.